ठासणीची बंदूक : पैसा कशावर घालाल?

शेतसंरक्षणाचा परवाना हाती आला की चौकशी सुरू होते ती बंदुकीची. नळी किती लांब, दस्ता कुठल्या लाकडाचा. माझे म्हणणे असे, की ठासणीची बंदूक घेणाऱ्याने आधी मापाची आणि गजाची चौकशी करावी. काडतूस कारखान्यातून भरून येते. इथे प्रत्येक बार शेतकरी स्वतः भरतो, तोही रात्री, डुकरे भातात शिरलेली असताना.

दारूचे माप पितळेचे घ्या. बंदूक बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणाचे, एकच. मुठीने मोजणारे म्हणतात आमचा हात बसला आहे. बसू दे, अंधारात हात सैल सुटतो. डब्यातून सरळ नळीत तर कधीच ओतू नका. मागच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर सगळा डबा हातात पेटेल.

गजावर दोन खुणा करा, एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. या खुणांना खर्च काहीच नाही. पण खूण नसली की भरलेल्या बारावर दुसरा बार ठासला जातो आणि नळी तोंडाजवळ फुटते.

दारू काळीच, परवानाधारक दुकानातली. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू हिच्यात घातली तर दाब नळीला सोसणार नाही. रिकामी काडतुसे घरी भरण्याचे उद्योगही नकोत. तो दारूगोळा बनवणे ठरतो, त्याला वेगळा परवाना लागतो.

टोप्यांची डबी वेगळी ठेवा आणि टोपी शेतात गेल्यावरच चढवा. बार उडवल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावा. काळ्या दारूची राख ओल धरते. कोकणच्या हवेत नळी गंजायला वेळ लागत नाही.

1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती अपुरी आहे हे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे त्यासाठी वनखात्याचा लेखी आदेश लागतो. बंदूक एका कचेरीने द्यायची आणि चाप दुसरीने अडवायचा! डुकरांना मात्र दोन्ही कचेऱ्यांच्या वेळा पाठ आहेत. म्हणून आदेशाचा अर्ज भात निसवण्याआधीच टाका, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.