वर्गातल्या मावशीलाही शिकू द्या

प्रति,
मा. आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका,
मा. प्रशासन अधिकारी, प्राथमिक शिक्षण विभाग,
मा. संचालक, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : वर्गात मुलांना मदत करणाऱ्या सहायकांसाठी कासारवाडीत प्रशिक्षण सुरू करण्याबाबत



मी कासारवाडीत राहते. शहरातल्या एका शाळेत तीन वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गात मदतनीस होते. मुलं मला मावशी म्हणत, शाळा मला ‘शॅडो टीचर’ म्हणे आणि माझा पगार एका मुलाचे आईवडील देत. पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं गेलं : याच्याजवळ बसा, वर्गात दंगा होऊ देऊ नका.

मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न. शाळेची घंटा झाली की दोन्ही कान दाबून तो बाकाखाली शिरायचा. मला वाटे, हट्ट करतोय. मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढत असे. वही अपुरी दिसू नये म्हणून त्याच्या हातात पेन्सिल देऊन, वर माझा हात ठेवून अक्षरं मीच गिरवत असे. आठ महिन्यांनी त्याच्या आईने मला त्याच्या थेरपिस्टकडे नेलं. तिथे कळलं, तो आवाज त्याला सोसत नाही. घंटेच्या पाच मिनिटं आधी घंटेचं चित्र दाखवायचं, आता वाजणार म्हणून सांगायचं आणि त्याला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. इतकंच. पंधरा दिवसांत त्याचं बाकाखाली जाणं थांबलं. पण त्याचे आठ महिने गेले होते, आणि ते माझ्या अडाणीपणाने गेले होते. मी निर्दय नव्हते. मला कुणी शिकवलं नव्हतं.

हे शिकवणं ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत. त्याच्या कलम १७ मध्ये शिक्षकांबरोबरच सर्वसमावेशक शिक्षणाला साहाय्य करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे आमच्या शहरात महानगरपालिका.

अशा मदतीने काय साधतं, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी. सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, मग वर्षभर मार्गदर्शन. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज दोन तास वेगळी घेऊन बसत आणि अक्षर-अंकांपासून सुरुवात करत. मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम मोजून पाहिलं. मुलं पुढे गेली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. पण बालसखी थांबल्यावर वर्षभरात त्या फायद्यातला बराचसा ओसरला. या कामात खंड पडून चालत नाही, हा त्यातला धडा.

दुसरी बाजू इंग्लंडमध्ये दिसली. तिथे वर्गोवर्गी सहायक असतात. २००९ मध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांना सहायकांची साथ जास्त, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी निघाली. सहायकांची तयारी करून घेतलेली नव्हती, शिक्षकांशी बसून ठरवायला वेळ नव्हता, आणि मुलाने उत्तर शोधण्यापेक्षा काम पुरं होण्याकडे त्यांचं लक्ष राहत होतं. हे वाचलं तेव्हा मला ती वही आठवली, जिच्यातलं अक्षर माझं होतं.

आमच्या पट्ट्यात ही गरज दुहेरी आहे. भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेल्या घरांतली मुलं आमच्या वर्गांत बसतात. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी ओडिया, कुणाच्या घरी कन्नड. ‘वही उघडा’ म्हटल्यावर शेजारच्याकडे बघून वही उघडणारं मूल मंद नसतं, त्याला शब्द माहीत नसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असतो. त्या एका बाईंनी तीसही जणांजवळ कसं बसायचं?

मदतनिसाला काय यायला हवं, ते मी अनुभवाने सांगते. चित्रांचं वेळापत्रक लावता यावं. मुलाला फिट आली तर कुशीवर कसं वळवायचं आणि तोंडात काही का घालायचं नाही, हे माहीत असावं. शौचाला नेताना मुलाची लाज जपता यावी. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला विचारल्याशिवाय खुर्ची ढकलू नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा माहीत असावा. आणि सर्वांत अवघड म्हणजे मुलाजवळून कधी उठायचं, हे कळावं. मूल स्वतः करू लागलं की आपण मागे सरायचं असतं.

कासारवाडीत महापालिकेची मुलींची औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) आहे. आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांत पूर्वप्राथमिक शाळेच्या सहायकांसाठी एक वर्षाचा ट्रेड आलेला आहे, म्हणजे पायवाट आहे. बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. बाया प्रशिक्षणापर्यंत पोचत नसतील, तर प्रशिक्षण त्यांच्या वस्तीत आणायला हवं. म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. कासारवाडीच्या या संस्थेत वर्गसहायकाचा अभ्यासक्रम सुरू करावा. त्यातला निम्मा वेळ महापालिकेच्या शाळांत प्रत्यक्ष वर्गात जावा. वेळा अशा असाव्यात, की शिफ्टला जाणाऱ्या घरातल्या बायकांनाही येता यावं.

२. प्रशिक्षित सहायकाला शाळांत ठरावीक पद आणि मानधन असावं. तिच्या पगाराचा बोजा मुलाच्या आईवडिलांवर नको.

३. शिक्षकांनाही सहायकाबरोबर काम करण्याचं प्रशिक्षण द्यावं, आणि दोघींना आठवड्यातून एक तास एकत्र बसायला मिळावा.

४. सहायक नेमून विशेष शिक्षकाची जागा वाचवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं आहे. ते पाळावं. सहायकाने त्यांच्या हाताखाली शिकावं.

महोदय, आमच्या वाड्या-चाळींत दहावी-बारावी झालेल्या, मुलांची माया असलेल्या कितीतरी बाया घरी आहेत. मायेपुढचं शिकवण्याची सोय आपण करा. जूनमध्ये शाळा पुन्हा उघडतील आणि कुठल्यातरी वर्गात घंटा झाल्यावर एखादं मूल कान दाबून बाकाखाली जाईल. त्याच्याशेजारी बसणाऱ्या बाईला हे पहिल्याच दिवशी ठाऊक असू द्या. आठ महिन्यांनी नको.

आपली,
कासारवाडीतील एक मदतनीस