स्मरणशक्तीवर चालणारी वीज

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे घरासारखी राहायची गाडी, बाळगणारे लोक लिथियम बॅटऱ्यांवर हजारो डॉलर ओततात, छपरावर सोलर पॅनेल चढवतात, ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतात. पण कॅम्पग्राउंडची वीज सोडून इन्व्हर्टरवर यायचं काम मात्र स्वतःच्या आठवणीवर सोपवतात. ‘मेन ब्रेकर पाडायला मी कधी विसरत नाही,’ असं छातीठोक सांगणारे मला इथे पुष्कळ भेटतात. त्यांत आपले मराठी इंजिनीअरही आहेत. त्यांच्याशी माझं भांडण आहे आणि ते मिटवायची मला घाई नाही.

यांची युक्ती अशी. एक वायर घ्यायची, तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवायच्या. एक टोक इन्व्हर्टरमध्ये, दुसरं गाडीतल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. झाली सगळ्या गाडीला वीज! इथले इलेक्ट्रिशियन या वायरीला ‘सुसाइड कॉर्ड’ म्हणतात. मेन ब्रेकर चालू राहिला आणि बाहेरची केबल कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला जोडलेली असली, तर दोन बेताल वीजप्रवाह एकमेकांवर आदळतात आणि इन्व्हर्टर तत्क्षणी जळतो. ते नुकसान फक्त पैशाचं. केबल खांबाला जोडलेली नसली तर? मग गवतात पडलेल्या प्लगच्या उघड्या पिनांवर १२० व्होल्ट उभे असतात. शेजारच्या गाडीतलं पोर खेळता खेळता तो प्लग उचलेल. त्या पोराचा जीव कोणाच्या आठवणीवर टांगायचा हक्क या इंजिनीअरांना कोणी दिला?

घराच्या आवारात गाडी उभी करून ती घराच्या विजेला जोडणारे याहून बेफिकीर. वादळात लाइन गेली की गाडीतल्या इन्व्हर्टरची वीज उलटी घरात शिरू शकते आणि घरातून रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. तो बिचारा दोन्ही दिशांनी काम करतो. इथल्या बहुतेक वस्त्यांत तारेवर हजारो व्होल्ट चढवून देतो. खांबावरच्या लाइनमनला वाटतं, तार मेलेली आहे. दुकानदाराने चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर लावला की काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही वायरमनला विचारा. गावाकडे ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो, तोच इथे येऊन पदवीधरांनी का करावा?

नियम कोणी लपवून ठेवलेला नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेचं कलम ५५१ आरव्हीसाठीच आहे, आणि बाहेरची वीज व गाडीतला जनरेटर एकाच वेळी एकाच सर्किटला जोडले जाता कामा नयेत, हे त्यात स्पष्ट आहे. इन्व्हर्टरला वेगळा न्याय कशाला हवा? दोन विजा एकत्र येऊ न देण्याचं काम आठवणीने नव्हे, लोखंडाने करायचं. ट्रान्सफर स्विचमध्ये एक संपर्क सुटल्याशिवाय दुसरा लागूच शकत नाही. ब्रेकरच्या दोन दांड्यांमध्ये सरकणारी साधी पत्र्याची पट्टीही तेच करते. ज्याला एवढाही खर्च नको, त्याने केबल खांबावरून काढून थेट इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खोचावी. एक प्लग एका वेळी दोन जागी बसत नाही, म्हणून ही पद्धत मला मान्य आहे. चार्जरचा ब्रेकर तेवढा बंद ठेवावा, नाहीतर बॅटरी इन्व्हर्टरला पोसते, इन्व्हर्टर चार्जरला आणि चार्जर त्याच बॅटरीला, आणि प्रत्येक फेरीत वीज उष्णता होऊन वाया जाते.

विक्रेत्यांनाही मी सोडणार नाही. माझ्या गाडीच्या विक्रेत्याने बाजूचं छत कसं उघडायचं, टीव्ही कसा लावायचा हे हौसेने दाखवलं. न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडलेत, हे विचारल्यावर तो खांदे उडवून मोकळा झाला. खरी मेख तिथेच आहे. बाहेरच्या विजेवर असताना ती जोडणी कॅम्पग्राउंडच्या मुख्य पुरवठ्यापाशी असते, गाडीत नसावी. इन्व्हर्टरवर आलं की ती इन्व्हर्टरने करायची. म्हणून स्विचने फेजबरोबर न्यूट्रलही बदलला पाहिजे. स्वस्तातला कारागीर फक्त फेज बदलतो आणि न्यूट्रल तसाच ठेवतो. मग बाहेरच्या विजेवरही इन्व्हर्टरमधली जोडणी तशीच राहते आणि परतीचा काही करंट अर्थच्या वायरीतून वाहतो. आणि खांबावर न्यूट्रल व अर्थ दोन्ही सुटले, तर आत एखादा दिवा चालू असताना गाडीचा अख्खा पत्रा १२० व्होल्टवर जातो. रबरी टायरांमुळे आतल्याला पत्ता लागत नाही. ओल्या गवतात अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला लागतो.

‘इतकी वर्षं असंच करतोय, काही झालं नाही,’ हे उत्तर मला कोणी देऊ नये. थकलेला माणूस अंधारात, पावसात, पोरं रडत असताना ब्रेकर पाडायला विसरतो, शहाणाही विसरतो. ज्यांच्याकडे ती दोन पिनांची वायर आहे, त्यांनी आधी ती दोन्हीकडून काढावी आणि मग दोन्ही टोकं कापावीत. नुसती कचऱ्यात टाकू नये. तिथून ती उचलून वापरणारा दुसरा कोणीतरी भेटेलच.