कावीळ : शब्द एक, आजार अनेक

भाषा शिकवण्यात आमची तीस वर्षे गेली, पण ‘कावीळ’ या शब्दाने घराघरांत केवढा घोटाळा करून ठेवला आहे, हे आमच्या ध्यानात आले ते दोन वर्षांपूर्वी, एका रात्री आलेल्या दूरध्वनीमुळे. फोन न्यू जर्सीहून होता. पलीकडे आमच्या वहिनी. (नाते आम्ही थोडे बदलून सांगत आहोत, वाचकांनी कृपा करून आमच्या वंशावळीत शोध घेऊ नये. ज्यांची हकिगत आहे त्यांची संमती आम्ही घेतली आहे.)

बंधूंच्या पश्चात वहिनी मुलाकडे राहावयास गेल्या. तेथील डॉक्टरीणबाईंनी प्रकृतीची चौकशी करता करता विचारले, “जन्म हिंदुस्थानातला का?” आणि ‘हो’ म्हणताच हिपॅटायटिस बीसाठी रक्त तपासावयास सांगितले. वहिनींना तो सरळ अपमान वाटला. “भावोजी, आपल्या घरात तीन पिढ्यांत कोणी दारूला शिवले नाही. मला कधी कावीळ झाली नाही. देशाचे नाव ऐकून रक्त मागतात, हे काय?” त्या रक्त न देताच परत आल्या होत्या.

आम्ही त्यांना पाठिंबा दिला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सुशिक्षित मनुष्याचे अज्ञान अधिक ठाम असते. पुढे थोडे वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्या दोन वाक्यांत किती गैरसमज दाटीवाटीने बसले होते ते कळले.

संस्कृत वैद्यकातली ‘कामला’ ती आपली कावीळ. हे नाव वस्तुतः एका लक्षणाचे आहे; डोळे, त्वचा, लघवी पिवळी होणे एवढाच त्याचा अर्थ. आपण मात्र ते रोगाचे नाव मानले. दूषित पाण्यावाटे, अन्नावाटे पसरणारी ए आणि ई जातीची कावीळ येते, पिवळे करते आणि बहुधा बरी होऊन जाते. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या दूषित पाण्याने हजारो लोक असे आजारी पडले होते. आपले सारे घरगुती ज्ञान या जातीवर उभे आहे. उसाचा रस, तेल-हळद वर्ज्य, गळ्यात घातलेली काविळीची माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते ही श्रद्धा, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवणारा मांत्रिक, हे सर्व आम्ही लहानपणी पाहिले आहे. जो आजार तीनचार आठवड्यांत आपण होऊन उतरणार, त्याचे श्रेय माळेला मिळाले तर नवल नाही.

बी जातीची गोष्ट निराळी. ती रक्तावाटे, शरीरसंबंधातून आणि मुख्य म्हणजे प्रसूतीच्या वेळी आईकडून मुलाला होते. मोठेपणी लागण झाली तर शंभरांत पाचांहूनही कमी लोकांत ती कायमची ठाण मांडते. जन्मतः झाली तर शंभरांत सुमारे नव्वद बालकांत. आणि मग कित्येक वर्षे काहीच होत नाही. मनुष्य पिवळा पडत नाही, कामधंदा करतो, लग्न करतो, नातवंडे खेळवतो. काहींचे यकृत मात्र आतल्या आत कडक होत जाते, काहींना कर्करोग होतो. म्हणजे ‘मला कधी कावीळ झाली नाही’ या वाक्याचा या आजाराशी काही संबंधच नाही. दारूचाही नाही.

देशाचे नाव विचारण्यामागे हेटाळणी नव्हती, हिशेब होता. जेथे शंभरांत दोन किंवा अधिक लोकांच्या रक्तात हा विषाणू आहे, अशा देशांत जन्मलेल्यांची तपासणी करावी असे अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने २००८ साली ठरवले होते. २०२३ पासून तर तेथे प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तपासून घ्यावे असा सल्ला आहे. मग जन्म मुंबईचा असो वा बोस्टनचा. हे वहिनींना सांगितले असते तर निम्मा राग उतरला असता. पण दवाखान्यात दहा मिनिटांत कोण कोणाला काय सांगणार!

आपणच असे हट्टी, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील हिपॅटायटिस बीच्या दीर्घकालीन रुग्णांत निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे आहेत, आणि त्यांना दवाखान्यापर्यंत आणणे ही तेथील जुनी डोकेदुखी आहे. चिनी कुटुंबांत रक्त काढल्याने शक्ती जाते अशी वडीलधाऱ्यांची समजूत. त्यात भीती नोकरीची. चीनमध्ये या तपासणीवरून नोकऱ्या नाकारल्या जात. सरकारला २०१० साली नोकरीच्या व शाळेच्या प्रवेशासाठी ही तपासणी घेण्यास बंदी करावी लागली. ती भीती लोक सामानाबरोबर घेऊन गेले. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ पासून त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच भाषेत मोहीम चालवावी लागली. इंग्लंडमध्ये स्थलांतरितांना दवाखान्याकडून तपासणीची पत्रे पाठवून पाहिली. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पत्र मिळालेल्यांतले पाचांतील एक जण आले. ज्यांना पत्र नव्हते त्यांतले शंभरांत दोनही नाहीत. खास सविस्तर लिहिलेल्या पत्राचा साध्या पत्राहून अधिक उपयोग झाला नाही, हे वाचून लांबलचक परिपत्रके काढणाऱ्या आमच्यासारख्याला थोडे वाईट वाटले.

औषधी वनस्पतींविषयीही एक गंमत आहे. या विषाणूचा माग १९६५ साली ज्यांनी काढला आणि ज्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या बारूक ब्लूमबर्ग यांनीच आपल्या भुईआवळीचा अभ्यास केला होता. मद्रासच्या संशोधकांसह १९८८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३७ रुग्णांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे दिसले. पुढच्या प्रयोगांत तसा गुण आला नाही. आजीच्या बटव्याला शास्त्राने दारातून हाकलले नव्हते. आत बोलावून, तपासून, मग निरोप दिला.

वहिनी अखेर तयार झाल्या त्या आमच्या विद्वत्तेने नव्हे. सूनबाई म्हणाली, “आई, मीही देते, हेही देतील. सगळे एकदमच जाऊ.” एकटीकडे बोट दाखवले जात नाही म्हटल्यावर प्रश्न सुटला. आठवड्याने उत्तर आले. मुलगा-सून निर्दोष. वहिनींच्या रक्तात विषाणू.

त्यांचा पहिला प्रश्न, “ताट-पेला वेगळा करू का?” नको. ताटाने, पेल्याने, नातवाचा मुका घेतल्याने हा आजार लागत नाही. दुसरा, “मला कोठून झाला?” याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. आमच्या बालपणी एकाच सुईने साऱ्या आळीला टोचले जाई. आणि फार मागे कशाला, आमच्या गुजरातेतच, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात, २००९ साली वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने हीच साथ पसरून कित्येक माणसे दगावली.

वहिनींना आता रोज एक गोळी आणि सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी आहे. विषाणू दबलेला आहे.

पण गोष्ट तेथे थांबत नाही. आईची तपासणी सदोष आली की मुलांची करावी लागते. मुलगी येथे बडोद्यातच दिलेली. तिचा जन्म १९८४ चा. तेव्हा नवजात बालकांना ही लस सरसकट देण्याची सोय नव्हती. हैदराबादला देशी लस तयार होऊन बाजारात आली ती १९९७ साली, आणि सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली २०११ च्या सुमारास. मुलीच्याही रक्तात विषाणू निघाला. तिची दोन्ही मुले मात्र जन्मल्यानंतर चोवीस तासांच्या आत लस मिळालेली, दोघेही सुरक्षित. जावईबापूंनी शब्द न बोलता तपासणी केली आणि लसीचे तीन डोस घेतले. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत, हेही त्यांनीच शोधून काढले.

राहिल्या विहीणबाई. त्यांना अजून काही सांगितलेले नाही. गोळीची बाटली शिवणाच्या डब्यात असते. आम्ही म्हटले, “मी येऊन समजावू का?” ती म्हणाली, “काका, त्या माझे ताट वेगळे मांडणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण मनात मांडतील.” विहीणबाईंचीही तपासणी व्हावी असे आम्हांस वाटते, त्यांचाही जन्म येथलाच, त्याच सुयांच्या काळातला. येत्या गणपतीत आमच्याकडे सर्वांची पंगत आहे. सगळ्यांनी एकदमच रक्त द्यावे, असे आम्ही तेथे काढणार आहोत, स्वतःपासून सुरुवात करून. आम्ही स्वतः अजून दिलेले नाही.