बोरिवली सात बेटांत नव्हतीच

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फलक आला. शाळकरी मुलांसाठी इतिहास निबंध स्पर्धा. विषय 'माझा आवडता किल्ला', शब्दमर्यादा पाचशे, पहिल्या तीन नंबरांना रोख बक्षीस. नियम खाली बारीक अक्षरात, आयोजकांचे फोटो वर मोठ्ठे. तासाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गाठलंच. "भाऊ, तुम्ही पेपरवाले. आमच्या पोराला एक मस्तपैकी लिहून द्या ना. त्याचा नंबर आला तर शाळेत जरा नाव होईल."

मी नाही म्हटलं. वहिनी थोड्या फुगल्या. पण का नाही म्हटलं, ते सांगायचं तर सात-आठ वर्षं मागे जावं लागेल, आणि त्या गोष्टीत मी काही फार शोभून दिसत नाही.

मी मूळचा तालुक्याच्या गावचा. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, गावाकडच्या साप्ताहिकात सात वर्षं काढली, मग पोटासाठी बोरिवलीत आलो. उपनगरातल्या बारक्या पेपरचा बातमीदार म्हणजे काय, तर पाण्याची बोंब, रस्त्याचे खड्डे आणि बक्षीस समारंभ. समारंभाची बातमी छापता छापता एका मंडळाने मलाच परीक्षक करून टाकलं. विषय चांगला होता, 'माझ्या परिसराचा इतिहास'. शंभरावर निबंध आले होते. आम्ही दोघं परीक्षक, मी आणि एक निवृत्त गुरुजी.

जवळजवळ प्रत्येक निबंधाची सुरुवात एकच. मुंबई हे सात बेटांचं शहर. पोर्तुगीजांनी ते इंग्रजांना हुंड्यात दिलं. मग कंपनी आली, रेल्वे आली, गिरण्या आल्या. काही निबंधांत तर वाक्यंच्या वाक्यं सारखी, इतकी की एकाच सायबर कॅफेतून प्रिंट निघाल्याचा संशय यावा. त्यातला जो सगळ्यात सुबक अक्षरातला होता, आणि ज्याच्या शेवटी एक सुविचार होता, त्याला आम्ही पहिला नंबर दिला.

एक निबंध वेगळा होता. आठवीतलं मूल. अक्षर वाकडं, शुद्धलेखनाची बोंब, मधेच घरातली बोली. त्यात लिहिलं होतं की आमचं गाव त्या सात बेटांमधलं नाही. आमची पणजी सांगते की तिचं लगीन झालं तेव्हा इथे मुंबय नव्हती, मुंबयला जायचं तर माहीमच्या पलीकडे जावं लागायचं.

गुरुजींनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'चूक'. मी मान डोलावली. दहापैकी तीन.

आता जरा इतिहास बघू. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला मिळालं ते मुंबईचं बेट. राजाने १६६८ मध्ये ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. माहीमच्या खाडीच्या उत्तरेला होती साष्टी. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड हे सगळं साष्टीत. इंग्रजांना साष्टीही हवी होती, पोर्तुगीजांनी दिली नाही. ती त्यांच्याकडेच राहिली, मग १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतली. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांचा इथला कारभारच आटोपला. इंग्रजांच्या हाती साष्टी लागली ती १७७४ च्या शेवटी, ठाण्याचा किल्ला पडला तेव्हा, आणि ती त्यांच्याकडेच राहणार हे १७८२ च्या सालबाईच्या तहाने पक्कं झालं. म्हणजे मुंबई इंग्रजांची झाल्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ बोरिवली-मुलुंड दुसऱ्याच राज्यात होतं. माहीमचा कॉजवे झाला १८४५ मध्ये, त्याआधी तिथून पलीकडे जायचं ते होडीने. आणि महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली १९५७ मध्ये!

पणजीचं लग्न १९५७ च्या आधीचं असणार. तिने सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. चुकलो आम्ही, दोन शिकलेले परीक्षक.

मला हे कळलं दोनेक वर्षांनी, एका बातमीसाठी ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर चाळताना. १८८२ चं. उपनगरं तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, त्यामुळे अंधेरी-बोरिवलीची माहिती मुंबईच्या खंडात शोधून सापडत नाही, ठाण्याच्या खंडात सापडते. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. घरी येऊन निबंधांचा गठ्ठा शोधला. मंडळाने तो रद्दीत घातला होता. त्या मुलाचं की मुलीचं नावही मला आठवत नाही. आज वीस-बावीस वर्षांचं असेल. 'चूक' हा शब्द बहुतेक आठवत असेल त्याला.

म्हणून मला या स्पर्धांबद्दल बोलायचंय. त्या बंद करा असं मी म्हणणार नाही. उलट आपल्याकडे त्या कमीच आहेत. पण मुलांकडून इतिहास लिहून घ्यायचा की आरती, हे आधी ठरवा. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. आनंदाचीच गोष्ट. त्यानंतर किल्ल्यांवर स्पर्धांचा पाऊस पडला. आता मला सांगा, कांदिवलीच्या सातवीतल्या मुलाने रायगडावर पाचशे शब्दांत नवीन काय लिहावं? तो लिहिणार 'अभेद्य', 'दैदीप्यमान', 'स्फूर्तिस्थान'. पूर्वी हे गूगलवरून यायचं, आता चॅटजीपीटीवरून येतं, आणि परीक्षकाला फरक कळत नाही, कारण परीक्षकालाही तेच शब्द हवे असतात.

शाळकरी मुलाच्या निबंधात किती ताकद असू शकते हे आपल्या मराठीला नवीन नाही. मुक्ता साळवे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली, मातंग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. १८५५ मध्ये तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांचं काय झालं, इमारतींच्या पायात माणसं कशी गाडली गेली, हे तिने लिहिलं. तिला कुणी 'पुण्याचे वैभव' असा विषय दिला नव्हता हे आपलं नशीब. आणि त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे बक्षिसासाठी पाठवलं, ते नामंजूर झालं. परीक्षकांची परंपरा जुनी आहे बरं का! मी त्यातलाच.

बाहेरचं एक उदाहरण देतो. जर्मनीत १९७३ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाने शाळकरी मुलांची इतिहास स्पर्धा भरते. मुलांनी आपल्याच गावात शोध घ्यायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. १९८०-८१ चा विषय नाझी काळातलं रोजचं जगणं. पासाऊ नावाच्या गावातली आना रोसमुस ही मुलगी कामाला लागली. गावाने नाझींना कसा विरोध केला हे आपल्याला सापडेल असं तिला वाटत होतं. सापडलं ते भलतंच, गावातली प्रतिष्ठित माणसंच त्यात होती. दप्तरं बघू देईनात, ती कोर्टात गेली, धमक्या आल्या. १९८३ मध्ये तिचं पुस्तक आलं, १९९० मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. एका निबंधातून. आपल्याकडच्या मुलाने चाळ पाडून टॉवर कसा झाला यावर खरंखुरं लिहिलं तर फलकावर फोटो असलेल्यांपैकी किती जण बक्षीस द्यायला येतील, याचा मी अंदाज करत बसत नाही.

तरीही मुलांनी भाग घ्यावा. वहिनींना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो.

पहिलं म्हणजे नियम पूर्ण वाचा, दोनदा. हे सांगायला वेडेपणाचं वाटतं, पण आमच्या त्या स्पर्धेत वीस-पंचवीस निबंध वाचायच्या आधीच बाद झाले होते. शब्द जास्त, इयत्ता लिहिली नाही, शाळेचा शिक्का नाही, हस्ताक्षरात मागितला असताना टाइप करून दिला. काही स्पर्धांना थेट जाताच येत नाही. केंद्र सरकारची 'वीरगाथा' २०२१ पासून चालू आहे, तिसरी ते बारावीसाठी, शौर्यपदक मिळालेल्या जवानांवर निबंध, कविता किंवा चित्र. तिथे प्रवेशिका शाळेमार्फतच जाते, म्हणजे आधी वर्गशिक्षकांच्या मागे लागावं लागतं. टपाल खात्याच्या 'ढाई आखर'मध्ये पत्र हातानेच लिहायचं असतं, आंतरदेशीयवर पाचशे शब्दांपर्यंत, पाकिटातून हजारपर्यंत, आणि वयाचं निवेदन लिहायचं राहिलं की घोटाळा. विषय दरवर्षी बदलतो, पण मराठीत लिहिता येतं. इंग्रजीतून लिहिणाऱ्यांसाठी राष्ट्रकुलाची निबंध स्पर्धा आहे, १८८३ पासूनची, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना खुली, फी नाही. फीवरून आठवलं, 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणाऱ्या काही स्पर्धा हजारो रुपये घेतात आणि झाडून सगळ्यांना पदक देतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की परीक्षक कोण आणि मागच्या वर्षीचे निबंध कुठे वाचायला मिळतील. उत्तर आलं नाही तर पैसे वाचले.

पण खरी मेहनत विषयाची. विषय मोठा दिला असेल तर तो आपण लहान करायचा. 'किल्ला' म्हटलाय ना? मग रायगड कशाला, वर्सोवा-मढकडे बघा. मढचा किल्ला पोर्तुगीजांचा, मराठ्यांनी घेतला १७३९ मध्ये. अंधेरीच्या पोराला बसने आणि फेरीबोटीने गाठता येतो. आत शिरता आलं नाही तरी बाहेरून पाहता येतो, आजूबाजूच्या कोळीवाड्यात चौकशी करता येते. 'युद्ध' म्हटलंय? बोरिवली पश्चिमेला एकसरला वीरगळ उभे आहेत, त्यावर वल्ही मारत चाललेली जहाजं कोरली आहेत. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या, १२६५ च्या आसपासच्या लढाईशी बरेच अभ्यासक ते जोडतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, खाली लढाई आणि मरण, वर स्वर्ग, माथ्याजवळ चंद्र-सूर्य. हे एकदा मुलाला समजावून सांगा आणि दगडासमोर उभं करा. पाचशे शब्द कमी पडतात की नाही बघा. 'स्वातंत्र्यलढा' असेल तर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला छावणी होती, जमनालाल बजाज तिथे होते. घाटकोपरला रमाबाई नगर आहे, ११ जुलै १९९७ ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. तोही इतिहासच, आणि तो पाहिलेली माणसं अजून तिथे राहतात. गावठाणांमधले जुने क्रूस बघा, त्यातले कितीतरी १८९६ नंतरच्या प्लेगच्या वेळचे. साल कोरलेलं असतं, वाचायला डोळे लागतात, बाकी काही नाही.

माहितीसाठी घरातूनच सुरुवात करा. आजीला 'जुन्या काळाबद्दल सांग' म्हटलं की आजी उपदेश करते. त्यापेक्षा 'पाणी कुठून भरायचीस', 'भाडं किती होतं', 'दिवे कधी आले' असं विचारा. वर्ष आठवत नसेल तर 'मोठा काका किती वर्षांचा होता तेव्हा' असं विचारा, वर्ष आपोआप निघतं. भाडेपावती, जुनं रेशनकार्ड, गिरणीचा बिल्ला, लग्नपत्रिका हे सगळं साधन आहे. वि. का. राजवाड्यांनी घरोघर फिरून दप्तरं जमवली, मग 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड झाले. तुमच्या माळ्यावर पेटी असेल तर ती आधी उघडा. मग गॅझेटियर बघा, शासनाने ती संकेतस्थळावर ठेवली आहेत, फुकट. आजी एक सांगते आणि पुस्तक दुसरं, असं झालं तर दोन्ही लिहा आणि आपल्याला काय पटलं ते कारणासकट लिहा. निबंधाचा तोच सगळ्यात चांगला परिच्छेद होतो. कुणी काय सांगितलं, कुठल्या पुस्तकात मिळालं, हे शेवटी दोन ओळींत नोंदवा, नियमात मागितलं नसलं तरी.

आयोजकांना माझी एकच विनंती. परीक्षकांना निबंध वाचण्याआधी त्या भागाचा इतिहास वाचायला लावा. आणि गठ्ठा रद्दीत घालू नका. शंभर मुलांनी आपापल्या आजीला विचारून आणलेलं दुसऱ्या कुठल्या दप्तरात मिळायचं नाही. जवळच्या वाचनालयाच्या कपाटात ठेवा.

वहिनींचा मुलगा रविवारी माझ्याबरोबर एकसरला आला होता. दगडावरची वल्ही मोजत बसला, उन्हात. मग म्हणाला, "काका, इथे समुद्र होता का?" मी म्हटलं, घरी जाऊन आजोबांना विचार, खाडी कुठपर्यंत यायची. निबंध त्याने अजून सुरू केलेला नाही. मुदत संपायला नऊ दिवस आहेत.