सर म्हणाले म्हणजे खरं?

'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा निरोप मला परवा एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवला. खोटं आहे म्हटलं, तर म्हणतो, "सर, झेंडावंदनाच्या भाषणात तुम्हीच तर सांगितलं होतं!"

सांगितलं होतं खरं. न तपासता ठोकून दिलं होतं. असं काही जाहीर केलेलं नाही, हे युनेस्कोने २००८ सालीच स्पष्ट केलं होतं.

आता कुणी म्हणेल, तपासायचं कुठे? सगळं इंग्रजीत! ही सबब मला मान्य नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभारलेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो. तो उघडतो कोण? सरकारी बातमी असेल तर शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख विचारा. देणगी मागणारा न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा, आणि तो पडताळून पाहा. नुसता शिक्का बघून भुलू नका.

आणि राष्ट्रगीताचा अभिमान बाळगायला युनेस्कोचं प्रशस्तिपत्र हवंच कशाला?

मुलांना चुकलेलं उत्तर दहादा लिहायला लावणारा मी. म्हणून ही चूक इथे निदान एकदा तरी लिहून ठेवतो.