एकाच देगेतून

हॉटेलचा धंदा म्हणजे रोजची मेहमाननवाजी. फरक एवढाच, की इथला पाहुणा जाताना बिल देतो. आमचे आयुष्य गल्ल्यामागे आणि भटारखान्यात गेले. मोहल्ल्याच्या कामातही हात राहिला: रमजानची इफ्तार, पुरात अडकलेल्यांचे जेवण, २०२० च्या लॉकडाऊनमधली खिचडीची पाकिटे. तरुण मुले विचारतात, "चाचा, धंदा सांभाळून खिदमत कशी जमते?" खरे तर देग, भट्टी आणि हाताखालची माणसे धंद्यानेच दिली. ती नसती तर खिदमत जमलीच नसती.

मुंबईत माहीमला काही हॉटेलांसमोर गोरगरीब रांगेने बसलेले दिसतात. कुणी येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे भरतो, 'दहा जणांना जेवू घाला' म्हणतो आणि निघून जातो. खाणारा कोण, हे देणाऱ्याला ठाऊक नसते आणि देणारा कोण, हे खाणाऱ्याला. या दोघांमधली अमानत राहते हॉटेलवाल्याकडे. गिऱ्हाइकाला डाळ पातळ वाटली तर ते ओरडते. रांगेत बसलेला माणूस ओरडत नाही. त्याच्या ताटात किती आणि कसे वाढले, हे फक्त वाढणाऱ्याला आणि अल्लाहला माहीत असते. आमच्या मते हॉटेलवाल्याच्या ईमानाची खरी परीक्षा इथेच आहे.

जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपण नाखुशीने घेऊ, ती दुसऱ्याला दान म्हणून देऊ नका, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. सूरह जारियातमध्ये हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आल्याचा प्रसंग आहे. 'जेवणार का?' असे विचारत न बसता ते गुपचूप घरात गेले आणि पुष्ट वासरू पाहुण्यांसमोर आणून ठेवले. पाहुण्याला संकोच वाटू नये आणि घरातले चांगले ते त्याच्यापुढे यावे, हा धडा पैसे देणाऱ्या पाहुण्यापुरता नाही. म्हणून विकायची देग आणि वाटायची देग वेगळी नसावी.

हॉटेलवाल्याकडे पैशाखेरीज हुनरही असतो, आणि मोहल्ल्याला त्याची जास्त गरज असते. शंभर माणसांच्या बिर्याणीला दहा-बारा किलो तांदूळ लागतो, हे त्याला हिशेब न मांडता कळते. गरम बिर्याणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आंबते आणि शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, हेही तोच सांगू शकतो. लग्नाच्या हॉलमध्ये उरलेले जेवण मध्यरात्री 'सवाबासाठी' यतीमखान्यात पाठवायला निघतात, तेव्हा 'हे आता पाठवू नका' असे ठणकावून सांगणे, हीसुद्धा खिदमतच आहे. यतीम मुलाचे पोट बिघडवून सवाब मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हा धंदेवाल्यांनी स्वतःला विचारावी. आपण मशिदीत दोनशे रोजेदारांसाठी दस्तरखान लावतो, फोटोही निघतात. त्याच वेळी आपला तंदूरवाला भट्टीसमोर उभ्याउभ्या तोंडात खजूर टाकत असतो का? भांडी घासणाऱ्या, परगावाहून आलेल्या पोराचा पगार ईदच्या आधी त्याच्या हातात पडतो का? मजुराचा मोबदला वेळेवर द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आधी हे देणे चुकते करावे, मग इफ्तारीचा बॅनर लावावा. मगरिबला दहा मिनिटे गल्ला बंद ठेवून मालक आणि नोकर एका दस्तरखानावर बसले, तर धंदा बुडत नाही.

या महिन्यात आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या हॉटेलवाल्याकडे चंदा मागायला जाल, तेव्हा पावतीपुस्तकाबरोबर त्याचा एक तासही मागा. मुलांना स्वच्छ हाताने स्वयंपाक करणे, मापात शिजवणे आणि आदराने वाढणे तो शिकवील. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि आपल्या हातून वाढलेला प्रत्येक घास कबूल करो. आमीन.