गालिचा माझा, तोटा तिचा!

मैत्रिणींनो, आजचा विषय माझ्या स्वतःच्या चुकीवरून सुचलाय. आधी कबुली देते, मग हिशेब मांडते.

आमच्या दिवाणखान्यात एक गालिचा आहे. सहा बाय नऊचा, लोकरीचा, भदोहीकडचा. सासूबाईंनी हौसेनं घेतलेला. गेल्या दिवाळीआधी त्यावर चहा सांडला, त्याच्या आधी धाकट्यानं आंब्याचा रस सांडलेला होताच. घरी धुवायची हिंमत होईना. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आठवली. त्या गावभागात राहतात आणि घरोघर जाऊन सोफे, गालिचे धुऊन देतात. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला बाई म्हणतात.

वहिनी आल्या, गालिचा पाहिला आणि म्हणाल्या, "पाचशे होतील, बाई." आता भाजीवाल्यापासून बोहारणीपर्यंत सगळ्यांशी घासाघीस करायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली. मी म्हटलं, "अहो, आपल्या माणसाला पाचशे? चारशे घ्या." त्यांनी जरा थांबून मान हलवली. तीन तासांत गालिचा असा निघाला, की सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "नवा आणलास का गं?" शंभर रुपये वाचवले म्हणून संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे फुशारकीही मारली.

पंधरा दिवसांनी पालकसभा संपल्यावर वहिनी मागे थांबल्या. म्हणाल्या, "बाई, मशीन विकायचं म्हणते. तुमच्या ओळखीत कुणी घेणारं आहे का?" मी चकितच झाले. कामं तर भरपूर मिळत होती! "कामं मिळतात हो, पण महिन्याच्या शेवटी हातात काहीच राहत नाही. मुलीच्या अकरावीसाठी ठेवलेले भिशीचे १८,००० घातलेत त्यात. निदान तेवढे तरी सुटू देत."

मी सहावीच्या वर्गाला नफा-तोटा शिकवते. त्याच फळ्यासमोर, त्याच बाकावर आम्ही दोघी बसलो आणि माझ्याच गालिच्याचा हिशेब मांडला.

मशीन १८,००० चं. नीट वापरलं तर तीन वर्षं चालेल असं धरलं. पावसाळ्यात गालिचे वाळत नाहीत, म्हणून वर्षाचे आठच महिने काम. महिन्याला सरासरी बारा कामं. म्हणजे तीन वर्षांत २८८ कामं. १८,००० ला २८८ नं भागलं, की एका कामामागे मशीनची झीज सुमारे ६३ रुपये. पाइप, ब्रश, दुरुस्ती धरून वर्षाला ३,००० जातात, म्हणजे कामामागे ३१. शाम्पू ६०. मशीन जड, म्हणून रिक्षाच लागते. गावभागातून विश्रामबागेत येऊन-जाऊन १२०. ओला गालिचा एकटीला उचलत नाही, म्हणून सोबत मदतीला एक मुलगा, त्याचे १५०.

बेरीज करा. ४२४ रुपये!

आणि मी दिले होते ४००. म्हणजे वहिनींनी तीन तास गुडघ्यावर बसून माझा गालिचा धुतला आणि वर पदरचे २४ रुपये मला देऊन गेल्या. फळ्यासमोर बसून मला इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

वहिनींचं मात्र म्हणणं वेगळंच. "शाम्पू आणि रिक्षा सोडली तर बाकीचं उरतंच की!" इथेच आपण बायका फसतो. जे पैसे त्या दिवशी बटव्यातून जातात तेवढाच आपल्याला खर्च वाटतो. मशीन झिजतं ते दिसत नाही, आणि स्वतःची मेहनत तर आपण धरतच नाही. पापड, मसाले, शिवणकाम, शिकवणी, कुठलाही घरगुती धंदा घ्या, दुखणं हेच.

मग खरा भाव कसा काढायचा? आम्ही चार पायऱ्यांनी काढला.

पहिली पायरी, खर्च. तो ४२४ झालाच.

दुसरी पायरी, आपली मजुरी. वहिनींच्या हाताखालच्या मुलाला तासाला ५० मिळतात. काम जाणणाऱ्या, जबाबदारी घेणाऱ्या बाईला निदान १०० तरी नकोत का? जाण्यायेण्यासकट तीन तास, म्हणजे ३००. झाले ७२४.

तिसरी पायरी, वाया जाणारे दिवस. कुणी घरी नसतं, कुठे पाणी नसतं, कुठे डाग पुन्हा काढून द्यावा लागतो. त्यासाठी दहावा हिस्सा राखून ठेवावा. म्हणजे साधारण ८०० रुपये.

चौथी पायरी, माप. सहा बाय नऊ म्हणजे ५४ चौरस फूट. ८०० ला ५४ नं भागलं, की १४ रुपये ८० पैसे. भाव धरला चौरस फुटाला १५ रुपये. अंदाजानं पाचशे-सहाशे सांगण्यापेक्षा मापानं भाव सांगितला, की गिऱ्हाईकही वाद कमी घालतं. टेप लावायची, गुणाकार समोर करायचा, आकडा कागदावर लिहून द्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, "पाचशेचे एकदम ८१०? कोण देईल?" वहिनीही हेच म्हणाल्या. प्रश्न खरा आहे. आमच्यासारख्या पगारदार घरांत महिन्याचं बजेट ठरलेलं असतं, आणि गालिचा काही गॅस-दुधासारखा अडत नाही. पण म्हणून स्वतःच्या मजुरीवर सुरी फिरवायची नाही. खर्च कुठे कमी होतो ते शोधायचं आणि तेवढंच गिऱ्हाइकाला सोडायचं.

रिक्षाचंच घ्या. एकाच इमारतीत तीन घरांचं काम एका फेरीत धरलं, तर १२० ची रिक्षा घरटी ४० वर येते. मुलाला दिवसाचे ३६० दिले तरी घरटी १२०. शाम्पू ६०, झीज ६३, दुरुस्ती ३१. खर्च झाला ३१४. जाण्यायेण्याचा वेळही वाटला गेल्यानं मजुरी सव्वादोन तासांची, २२५. त्यावर दहावा हिस्सा, म्हणजे साधारण ५९३. चौरस फुटाला ११ रुपयांनी ५९४ होतात. गिऱ्हाइकाचे २१६ रुपये वाचले आणि वहिनींची मजुरी एका पैशानं कमी झाली नाही. याला म्हणतात खरी सूट!

याच रीतीनं वहिनींनी पुढचं दरपत्रक केलं. घरगुती धंदा करणाऱ्या मैत्रिणींनी जरूर वाचावं.

एकट्या घरी धुण्याचा भाव १५ रुपये फूट. एका इमारतीत तीन घरं मिळाली तर ११ रुपये.

काम कितीही लहान असलं तरी घरी येण्याचे किमान ५००. तीन बाय पाचचा गालिचा १५ रुपयांनी २२५ चा होतो. त्यात रिक्षा, झीज आणि शाम्पू वजा करता दोन तासांची मजुरी सुटत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

लहान गालिचा गिऱ्हाइकानं स्वतः आणून दिला आणि नेला, तर १२ रुपये फूट आणि किमान आकार नाही. तोच गालिचा १८० रुपयांत होतो.

नुसती मशीननं धूळ ओढून काढायची असेल, तर ६ रुपये फूट. घरी एकट्यासाठी बोलावलं तर किमान ५०० हेच. मात्र तीन घरांच्या फेरीत हा सगळ्यात स्वस्त मार्ग. डाग नसलेल्या गालिच्याला बरेचदा एवढंच पुरतं.

डागाचे पैसे वेगळे, पण काम सुरू करण्यापूर्वी सांगायचे. आणि हळद, शाई किंवा जुना चहा शंभर टक्के जाईल असं वचन कधी द्यायचं नाही. "प्रयत्न करते, फिका नक्की होईल" एवढंच म्हणायचं, तेही डाग पाहून.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. गिऱ्हाईक "कमी करा" म्हणालं, तर भाव कमी न करता काम कमी करायचं. "पाचशेतच बसवायचं ना? मग धूळ ओढून देते आणि हा मधला डाग तेवढा पुसून देते." हे वाक्य म्हणायला वहिनींना आठवडा लागला. मी आरशासमोर म्हणून बघायला लावलं होतं, खोटं नाही सांगत!

फोनवर भाव विचारला, की आकडा सांगण्याआधी चार प्रश्न विचारावेत. माप किती? लोकरीचा आहे की नायलॉनसारखा कृत्रिम धाग्याचा? डाग कसले आणि किती जुने? घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? धाग्याचा अंदाज नसेल, तर मागच्या बाजूचा एक सुटा धागा तोडून चिमट्यात धरून न्हाणीघरात जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. हे कशासाठी, तर लोकरीला कडक गरम पाणी आणि सोडा चालत नाही. तिथे वेगळा शाम्पू आणि जास्त वेळ लागतो, म्हणून भावही वेगळा. तागाचा गालिचा पाण्यानं पिवळा-तपकिरी पडतो. रेशमासारखा चमकणारा व्हिस्कोसचा असेल, तर ओला झाला की धागा कमकुवत होतो आणि लव बसते. अशी कामं न घेतलेली बरी. एक गालिचा भरून द्यावा लागला, तर महिन्याची कमाई गेलीच समजा.

आता गिऱ्हाईक म्हणून तुमच्यामाझ्यासाठी चार शब्द. स्वस्त भाव ऐकून हुरळून जाऊ नका. "यात डाग धरले का? पाणी मशीननं ओढून काढणार का? वाळायला किती वेळ?" हे विचारा. साध्या कपड्याच्या पावडरीनं धुऊन नीट पाणी न काढलेला गालिचा चार दिवस छान दिसतो. पण आत राहिलेला साबण चिकट होऊन धूळ धरतो, आणि महिन्याभरात तो आधीपेक्षा मळका होतो. ओल राहिली तर कुबट वास येतो तो निराळाच. रंग जाईल अशी शंका असेल, तर कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघायला सांगा. फडक्यावर रंग आला, तर धुणं थांबवा. धुतल्यावर पूर्ण वाळेपर्यंत त्यावर कपाट-टेबल ठेवू नका. लोखंडी पायांचा गंज आणि लाकडाचा रंग उतरतो. ठेवावंच लागलं, तर पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे घाला.

आणि घासाघीस करायचीच, तर हुशारीनं करा. "शंभर कमी करा" म्हणण्यापेक्षा "आणखी दोन घरं मिळवून देते, मग काय घ्याल?" असं विचारा. दोघींचाही फायदा होतो.

धंदा लहान असला तरी कागद हवा, म्हणून वहिनींची उद्यम नोंदणीही करून टाकली. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते आणि तिला सरकारी फी काहीच नाही. कुणी एजंट फी म्हणून पैसे मागू लागला, तर सावध राहा.

मी वहिनींना माझे राहिलेले शंभर द्यायला गेले होते. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "ठरला तो भाव ठरला, बाई. द्यायचंच असेल तर तुमच्या इमारतीतली दोन घरं द्या." दिली! खालच्या काकू आणि समोरच्या जोशीणबाई अशा दोघी तयार झाल्या. त्या दिवशी खर्च जाऊन वहिनींच्या हातात आठशेच्या वर उरले. नवा भाव ऐकून त्यांची दोन जुनी गिऱ्हाइकं मात्र तुटली, हेही सांगायला हवं. पण त्या दोन घरांत आजवर तोटाच होत होता, हे आता त्यांना वहीत दिसतं. होय, वही घातलीय. रोज रात्री खर्च, मजुरी आणि राखीव असे तीन रकाने भरतात. मशीन विकायचा विषय तूर्त मागे पडलाय. मुलीच्या अकरावीचे पैसे परत साठायला अजून बरेच महिने लागतील, पण आता किती लागतील ते मोजता तरी येतं.

यंदा सहावीच्या वर्गात नफा-तोट्याचं गणित घालताना मी खरेदी-विक्रीच्या जोडीला एक नवीन ओळ घातली. "कष्टाचे किती?" मुलांनी पहिल्या झटक्यात चुकवलं. त्यांचं काय, त्यांच्या बाईंनीही चुकवलंच होतं!

तुमच्यापैकी कुणी घरबसल्या काही काम करत असाल, तर आज रात्री एका कामाचा असा हिशेब मांडून बघा आणि काय निघालं ते मला पत्रानं जरूर कळवा.